सायकल, वारा आणि कालचा पेपर

पुण्याच्या थंडीची गोष्ट निघाली की जुनी माणसे १७ जानेवारी १९३५ ची आठवण काढत. त्या दिवशी पुण्यात १.७ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. पण हा आकडा झाला एका जागी उभ्या असलेल्या तापमापकाचा. सायकलवरच्या माणसाची थंडी याहून वेगळी असते.

पुणे पूर्वी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. १८८६ मध्ये 'रे मार्केट' या नावाने सुरू झालेली आपली महात्मा फुले मंडई पहाटेच जागी होई. दूधवाले, पेपरवाले आणि भाजीवाले यांच्या सायकली अंधारातच तिच्याभोवती फिरू लागत. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. तिथे कामाला जाणाऱ्यांची पहाटही सायकलवरच उजाडे. कुणाच्या डोक्याला कानटोपी, कुणाच्या गळ्याला मफलर, तर कुणाच्या हातात चक्क पायमोजे! घोंगडीची ऊब बसल्या जागी. सायकलवर ती वाऱ्याने फुगते आणि चाकात अडकते.

माझे अब्बा त्याच वाटेने कामाला जात. ते स्वतः उर्दू वाचत, पण माझे मराठी सुधारावे म्हणून घरी मराठी पेपर घेत. दिवसभर तो पेपर माझा असे. दुसऱ्या दिवशी पहाटे अम्मी त्याची घडी करून अब्बांच्या बनियन आणि सदऱ्याच्या मध्ये, छातीवर सरकवून देई.

ही काही फक्त गरिबाची युक्ती नव्हे. फ्रान्समधील जगप्रसिद्ध सायकल शर्यतीतले स्पर्धकही घाट उतरण्यापूर्वी प्रेक्षकांकडून वर्तमानपत्रे घेऊन अंगात खुपसत. आपले शरीर भोवतीच्या हवेचा पातळ थर गरम करते आणि वारा तो पळवून नेतो. लोकर हवा धरून ठेवते, पण तिच्या विणीतून वारा आत शिरतो. कागद त्याला अडवतो. वाऱ्याने थंडी किती वाढते, याचे मोजमाप पॉल सिपल आणि चार्ल्स पॅसेल या अमेरिकन संशोधकांनी अंटार्क्टिकात पाणी गोठवून केले. ते १९४५ मध्ये प्रसिद्ध झाले. आजच्या सूत्राप्रमाणे, १० अंश तापमानात ताशी ४० किलोमीटरचा वारा तोंडावर आला तर थंडी सुमारे ६ अंशांची वाटते. सायकलची जागा स्कूटरने घेतली, वेग वाढला आणि त्याबरोबर थंडीही वाढली.

हे शास्त्र मंडईच्या माणसांना पुस्तकातून कळले नव्हते, ते त्यांनी छातीवर झेलले होते. आपल्या घरात गरम चहा होण्याआधी दूध आणि पेपर पोचावा म्हणून कुणीतरी वारा खात आलेला असतो. आजही येतो. या थंडीत दार उघडाल तेव्हा पेपर टाकणाऱ्या मुलाच्या अंगात स्वेटर आहे की नाही, एवढे जरूर पाहा.