मोडका पंखा आणि इंजिनाची ताकद

यवतमाळ जिल्ह्याला समुद्र नाही, पण पाणी आहे. पैनगंगा आहे, वर्धा आहे, इसापूर धरणाचा विस्तीर्ण जलाशय आहे. जुलै 2023 मध्ये महागाव तालुक्यातील आनंदनगर पुराने वेढले गेले, तेव्हा हवाई दलाची हेलिकॉप्टरे बोलवावी लागली होती. पुराच्या पाण्यात बचावाची छोटी मोटरबोट उतरते तेव्हा जाताना तिच्यात दोन-तीन माणसे असतात, परतताना आठ-दहा. इंजिन तेच, पेट्रोल तेच; तरी परतताना बोट रेंगाळते. निव्वळ वजनामुळे? वजन तर आहेच, पण तेवढेच कारण नाही. ते समजण्यासाठी आपण थोडे मागे जाऊ.

फ्रान्सिस पेटिट स्मिथ हा इंग्लंडमधला मेंढ्या पाळणारा शेतकरी. 1836 साली त्याने बोट ढकलणाऱ्या स्क्रूचे पेटंट घेतले. त्याचा लाकडी स्क्रू दोन पूर्ण वेढ्यांचा होता. जितके वेढे जास्त तितकी पाण्यावर पकड घट्ट, अशी त्याची समजूत. 1837 साली लंडनच्या पॅडिंग्टन कालव्यात चाचणी चालू असताना त्याचा अर्धा भाग तुटून पडला. आणि बोट थांबण्याऐवजी अधिकच वेगाने पळू लागली! लांबलचक स्क्रू पाण्याशी घासण्यातच इंजिनाची बरीच शक्ती खात होता. उरलेला अर्धा त्या इंजिनाला झेपला.

पुढची गोष्ट 3 एप्रिल 1845 ची. ब्रिटिश नौदलाने स्क्रूचे ‘रॅटलर’ आणि बाजूला चाके असलेले ‘अ‍ॅलेक्टो’ अशी दोन जहाजे पाठीला पाठ लावून दोराने बांधली. रॅटलरने अ‍ॅलेक्टोला दोन नॉटपेक्षा जास्त वेगाने उलटे ओढत नेले. स्क्रूचा विजय म्हणून ही रस्सीखेच नेहमी सांगितली जाते. (मौज अशी की नौदलाने स्क्रूची जहाजे त्याआधीच मागवली होती, हा बराचसा तमाशाच होता.) आम्हाला त्यातले दुसरे आकडे अधिक बोलके वाटतात. दोन्ही इंजिने कागदावर 200 अश्वशक्तीची. प्रत्यक्षात रॅटलरचे इंजिन सुमारे 300 देत होते आणि अ‍ॅलेक्टोचे 141. शक्ती म्हणजे फिरवण्याचा जोर गुणिले फिरण्याचा वेग. उलटे ओढले जाणारे चाक मंद फिरते, मग त्यामागचे इंजिन कितीही मोठे असो, त्याची शक्ती बाहेर येतच नाही.

याच्या उलट दुखणे चार्ल्स पार्सन्सला भेटले. त्याच्या ‘टर्बिनिया’चा एकच पंखा 1894 साली इतका वेगाने फिरे की पात्यांमागे वाफेच्या पोकळ्या तयार होत, बोट 20 नॉटही गाठेना. त्याने तीन दांडे करून प्रत्येकावर तीन, असे नऊ पंखे बसवले. 1897 पर्यंत तीच बोट 34 नॉटच्या घरात गेली.

आता आपल्या बोटीकडे येऊ. पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात, व्यास आणि पिच. पिच म्हणजे घट्ट पदार्थात एका फेऱ्यात पंखा जितका पुढे सरकेल ते अंतर. समजा इंजिन मिनिटाला 5000 फेरे घेते, गिअरमुळे पंख्याला 2500 मिळतात आणि पिच 13 इंच आहे. गुणाकार केला तर ताशी साधारण 50 किलोमीटर येतात. पाणी घट्ट नसल्याने प्रत्यक्ष वेग याहून कमीच. वर्गात हे गणित जरूर घालावे.

बोटीत माणसे वाढली की ती तेवढी पळू शकत नाही. पंख्याला प्रत्येक फेऱ्यात जास्त जोर लागतो आणि फेरे 3500 वर येतात. जोर तोच धरला, तर 40 अश्वशक्तीचे इंजिन 28 च देऊ लागते. म्हणजे अ‍ॅलेक्टोचीच गत. वर इंजिनावर ताण पडतो तो वेगळाच. मोठे इंजिन आणण्याआधी 11 इंच पिचचा पंखा लावून पाहावा. एक इंच पिच कमी केली की साधारण 150 ते 200 फेरे वाढतात. रिकाम्या बोटीत मात्र हाच पंखा इंजिनाला मर्यादेबाहेर फिरवील, तेव्हा जाताना हात आवरता ठेवायचा.

म्हणून बचावाच्या बोटीची चाचणी रिकामी घेऊन भागत नाही. तितक्या वजनाची वाळूची पोती भरावीत, पूर्ण वेग द्यावा, फेरे मोजावेत आणि इंजिनाच्या पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून पाहावेत. हे काम पावसाळ्याआधी, जलाशयाच्या शांत पाण्यावर, एका सकाळीत होते.