उपासनेतील वाद्यनिवड आणि गिटारचा प्रश्न

ख्रिस्ती उपासनेतील संगीताचा इतिहास बहुधा धर्मसभांच्या आज्ञांचा आणि निषेधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. परंतु अमुक वाद्य ग्राह्य आणि अमुक त्याज्य असे सांगणाऱ्या या आज्ञांच्या मुळाशी असलेला प्रश्न धर्मशास्त्राइतकाच मानसशास्त्राचाही आहे. उपासकाचे मन नादामुळे शब्दाकडे नेले जाते, की नाद त्याला आपल्यापाशीच अडकवून ठेवतो, हा तो प्रश्न होय. गिटारसारख्या साध्या, लोकप्रिय आणि दीर्घकाळ संशयित ठरलेल्या वाद्याच्या वाट्याला जे आले, त्यावरून या प्रश्नाचे स्वरूप ऑर्गनच्या वैभवशाली इतिहासापेक्षाही अधिक स्पष्ट होते.

या प्रश्नाची सर्वांत प्रांजळ मांडणी संत ऑगस्टीनच्या आत्मनिवेदनात आढळते. इ. स. ३८६ मध्ये मिलान येथे राजमाता जस्टिना हिच्याशी संघर्ष चालू असताना बिशप ॲम्ब्रोजच्या अनुयायांनी प्रार्थनामंदिरात रात्रंदिवस ठाण मांडले होते. लोकांचे मन दुःखाने खचू नये म्हणून पूर्वेकडील रीतीने स्तोत्रे गाण्याचा प्रघात त्या वेळी तेथे पडला, असे ऑगस्टीन सांगतो. म्हणजे सामुदायिक गायन येथे मनोधैर्याचे साधन म्हणून अवतरले. पण त्याच ग्रंथाच्या दहाव्या भागात तोच ऑगस्टीन साशंक होतो. गायिलेल्या अर्थापेक्षा गाणेच आपल्याला अधिक हलवून जाते, तेव्हा आपल्या हातून दोष घडतो, अशी कबुली तो देतो. अलेक्झांड्रियाचा अथेनेशियस स्तोत्रवाचकाला आवाजात इतके अल्प चढउतार करावयास लावी की ते गायनापेक्षा पठणच वाटे, याची त्याला आठवण होते आणि ती रीत अधिक निर्धोक वाटते. तथापि श्रद्धेच्या आरंभकाळी त्याच गायनाने आपल्या डोळ्यांत आणलेले अश्रू त्याला नाकारता येत नाहीत. अखेरीस तो गायनाच्या बाजूने झुकतो, परंतु निश्चित निर्णय देत नाही.

पुढील हजार-बाराशे वर्षांत या अनिर्णयाचीच निरनिराळी टोके गाठली गेली. स्वतः कुशल वादक असलेल्या झ्विंग्लीच्या झुरिकमध्ये इ. स. १५२७ मध्ये मुख्य चर्चमधील ऑर्गन काढून टाकण्यात आला आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तेथील उपासना गायनाविना चालली. संगीताची जाण नसल्यामुळे हा निषेध झाला, असे म्हणता येत नाही. संगीताचे सामर्थ्य पुरेपूर ठाऊक असल्यामुळेच तो झाला, असे म्हणणे अधिक युक्त ठरेल. कॅल्व्हिनने जिनिव्हात वाद्यविरहित स्तोत्रगायन ठेवले. ल्यूट छेडणाऱ्या ल्यूथरला मात्र संगीत हे ईश्वराचे दान वाटले.

गिटारचा प्रवेश या पार्श्वभूमीवर पाहावयास हवा. अठराव्या शतकाच्या अखेरीस सहा एकेरी तारांचे रूप धारण करणारे हे वाद्य दिवाणखान्यात आणि पानगृहात रुळलेले होते. चर्चमध्ये त्याला स्थान नव्हते. इ. स. १८१८ च्या २४ डिसेंबर रोजी साल्झबुर्गजवळच्या ओबेर्नडोर्फ गावी साहाय्यक धर्मगुरू योझेफ मोर याने दोन वर्षांपूर्वी रचलेल्या नाताळगीताला शिक्षक व ऑर्गनवादक फ्रान्त्स ग्रूबर याने चाल लावली. दोन एकल आवाज, गायकवृंद आणि गिटारची साथ अशा रूपात ते त्याच रात्री गायिले गेले. ‘श्टिले नाख्ट’ या नावाने पुढे जगभर पसरलेले गीत ते हेच. त्या रात्री ऑर्गन नादुरुस्त होता, उंदरांनी त्याचा भाता कुरतडला होता, म्हणून नाइलाजाने गिटार घेतली गेली, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. परंतु बर्लिनच्या राजदरबारातील संगीतविभागाकडून चौकशी झाल्यावर ग्रूबरने इ. स. १८५४ मध्ये जे निवेदन लिहिले, त्यात ऑर्गनच्या बिघाडाचा उल्लेख नाही. गिटारसाठी चाल करावी अशी मोरचीच विनंती होती, एवढेच तो नमूद करतो. इ. स. १९९५ मध्ये उजेडात आलेल्या मोरच्या स्वहस्तलिखितातही गिटारची साथ दिलेली आहे. त्यामुळे घटनेचा पुरावा म्हणून उंदरांच्या कथेला मूल्य नाही. परंतु उत्तरकालीनांच्या मनोवृत्तीचा पुरावा म्हणून तिचे मूल्य मोठे आहे. पवित्र रात्री गिटार वाजली, याला काही सबब असलीच पाहिजे, असे त्यांना वाटले!

ती भावना पुढे नियमांतही उतरली. दहाव्या पायसने इ. स. १९०३ मध्ये पियानो, तसेच ढोल, झांज यांसारखी गोंगाटी वा थिल्लर वाद्ये वर्ज्य ठरवली. तेथे गिटारचे नाव नाही, परंतु इ. स. १९५८ च्या सूचनेने सर्वसामान्य समजुतीनुसार केवळ लौकिक संगीताला योग्य असलेली वाद्ये उपासनेतून वगळली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या इ. स. १९६३ च्या संविधानाने ऑर्गनचा मान कायम राखून, पवित्र उपयोगाला योग्य असलेली ‘किंवा तशी करता येण्याजोगी’ वाद्ये स्थानिक धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने घेण्यास मुभा दिली. इ. स. १९६७ च्या सूचनेत ही मुभा आहे आणि ‘सर्वसामान्य समजुती’ची जुनी कसोटीही आहे. या दोहोंत सुप्त विरोध आहे. सर्वसामान्य समजूत ही वापरानेच बनते, आणि ज्या वाद्याचा वापर सुरू झाला त्याविषयीची समजूत पालटू लागते. आरिएल रामिरेस या अर्जेंटिनी संगीतकाराच्या इ. स. १९६४ मधील ‘मिसा क्रिओल्या’त गिटार लोकवाद्यांच्या जोडीने उपासनेच्या शब्दांना साथ देते, ती सबबीवाचून.

परिषदेने स्थानिक परंपरांविषयी जे मान्य केले, ते महाराष्ट्रात प्रॉटेस्टंट गोटात त्यापूर्वी अर्धशतकाहून अधिक काळ आचरणात आले होते. इ. स. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन हे प्रकार उपासनेसाठी स्वीकारले. टाळाला सुरावटीचे बंधन नाही. तो समूहाला एका लयीत बांधतो आणि शब्दाला मोकळी वाट देतो. साथीच्या दृष्टीने गिटारचे कार्य ऑर्गनपेक्षा याच जातीचे आहे.

याचे कारण वाद्याच्या घडणीत आहे. कळ दाबलेली असेपर्यंत ऑर्गनचा स्वर टिकतो. गिटारचा स्वर तार छेडताक्षणीच विरू लागतो. म्हणून मुक्त लयीच्या लॅटिन स्तोत्रगायनाला आधार देणे तिला जड जाते, तर ठाशीव ठेक्याचे, धृपद असलेले गीत तिला मानवते. गिटारची निवड ही अशा रीतीने गीतप्रकाराचीही निवड ठरली. अर्थात लोकभाषेतील उपासना त्याच सुमारास रूढ झाल्यामुळे, जे बदलले त्यातील किती श्रेय भाषेचे आणि किती वाद्याचे, हे वेगळे काढणे अवघड आहे.

गिटारमध्येही जाती आहेत, आणि उपासनेसाठी वाद्य निवडताना हा भेद निर्णायक असतो. एकोणिसाव्या शतकात स्पेनच्या आन्तोनियो दे तोरेसने घडवलेल्या नमुन्यावरून आलेल्या अभिजात गिटारला पूर्वी तातीच्या तारा असत. दुसऱ्या महायुद्धात तात दुर्मिळ झाल्यावर, आन्द्रेस सेगोव्हियाच्या प्रोत्साहनाने न्यू यॉर्कच्या ॲल्बर्ट ऑगस्टीनने नायलॉनच्या तारा प्रचारात आणल्या. (संताशी असलेले नामसाधर्म्य केवळ योगायोगाचे.) हिचा नाद मृदू असतो. एकल आवाजाला, लहान प्रार्थनागृहाला ती शोभते, परंतु मोठ्या दगडी चर्चमध्ये शेवटच्या बाकापर्यंत ती पोचत नाही. पोलादी तारांची गिटार समुदायाच्या गायनावर मात करू शकते. पण तिच्या टणत्काराने शब्दाची धारही झाकली जाते. अभिजात गिटारवर पोलादी तारा चढवून मधला मार्ग काढता येत नाही, कारण त्या ताणाने घोडी उखडते. समुदायाला न पेलणारी पट्टी मात्र दोन्ही प्रकारांत कॅपो लावून वर सरकवता येते. ही सोय ऑर्गनवादकाच्या विद्वत्तेला गावच्या नवशिक्याचे स्वस्त उत्तर म्हणावे लागेल.

ऑगस्टीनने जे स्वतःच्या मनात पाहिले, त्याचा मागोवा प्रयोगशाळाही घेऊ लागल्या आहेत. मॉन्ट्रियल येथे इ. स. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात संगीताच्या उत्कट क्षणी आणि त्या क्षणाच्या प्रतीक्षेत मेंदूच्या दोन भिन्न भागांत डोपामिनचे स्रवण आढळले. गोथेनबुर्गच्या इ. स. २०१३ मधील प्रयोगात एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयगतीतील चढउतार श्वासाच्या लयीबरोबर जुळताना दिसले. मन हलते, एवढे यातून दिसते. हलवणारा शब्द होता की नाद, हे यंत्र सांगत नाही. दरम्यान विद्युत्-ध्वनिवर्धक आल्यामुळे गिटारची दुबळी साथ हवी तेवढी मोठी करता येऊ लागली आहे, आणि तिचा आवाज किती ठेवावा हे वादकाच्या बोटांऐवजी ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्याच्या हाती गेले आहे. वाद्याचा आवाज गायकांच्या आवाजावर इतका चढू नये की शब्द कळणे कठीण व्हावे, ही अट इ. स. १९६७ च्या त्याच सूचनेत घातलेली आहे.