सातारा व सांगली जिल्ह्यांतील गिरिभ्रमणाचे प्रवेशनियम

सातारा व सांगली जिल्ह्यांतील सह्याद्रीच्या संरक्षित वनक्षेत्रात गिरिभ्रमणासाठी (ट्रेकिंग) जाणाऱ्यांना वनविभागाची परवानगी घ्यावी लागते. हिमालयाच्या सीमावर्ती भागांत अशा परवान्यांमागे मुख्यतः देशाच्या सुरक्षेचा विचार असतो. अरुणाचल प्रदेशात भारतीयांनाही ‘इनर लाइन परमिट’ घ्यावे लागते. सातारा-सांगलीत मात्र निर्बंधांचा आधार वन्यजीव संरक्षण हा आहे. त्यामुळे परदेशी पर्यटकास भारताच्या व्हिसाखेरीज या जिल्ह्यांसाठी वेगळा सीमापरवाना लागत नाही. वनक्षेत्रातील नियम मात्र सर्वांना सारखेच लागू होतात.

संरक्षित क्षेत्रे
कोयना अभयारण्य (सुमारे ४२३ चौ. किमी) १९८५ मध्ये घोषित झाले. चांदोलीलाही त्याच वर्षी अभयारण्याचा आणि २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा (सुमारे ३१७ चौ. किमी) दर्जा मिळाला. चांदोलीचे क्षेत्र सातारा, सांगली, कोल्हापूर व रत्नागिरी या चार जिल्ह्यांत विभागलेले आहे. २०१० मध्ये कोयना व चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटास जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात कोयना, चांदोली व कास पठार यांचा समावेश आहे.

कायदेशीर आधार
वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २७ नुसार अभयारण्यात विनापरवाना प्रवेश करता येत नाही. कर्तव्यावरील शासकीय सेवक, आत राहण्याची परवानगी असलेले रहिवासी व त्यांचे आश्रित, आत स्थावर मालमत्तेचा हक्क असलेले लोक आणि सार्वजनिक महामार्गाने जाणारे प्रवासी यांना यातून सूट आहे. कलम २८ नुसार वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, वैज्ञानिक संशोधन, पर्यटन आणि आतील रहिवाशांशी कायदेशीर व्यवहार या कारणांसाठी परवाना मिळतो. वन्यप्राण्यांना त्रास देणे, कचरा टाकणे, वणवा लावणे आणि परवानगीवाचून शस्त्र नेणे यांस मनाई आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अधिनियमाच्या सर्वसाधारण उल्लंघनास तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

वासोटा
जावळी तालुक्यातील वासोटा (व्याघ्रगड) हा किल्ला कोयना अभयारण्यात येतो. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयामुळे खोऱ्यातील जुन्या वाटा पाण्याखाली गेल्या. त्यामुळे गडावर जाण्याचा प्रचलित मार्ग बामणोली येथून नावेने जलाशय ओलांडून पायथ्याच्या मेट इंदवलीला उतरणे हा होय. जाण्यापूर्वी वनविभागाची परवानगी घेऊन शुल्क भरावे लागते. नावेचे भाडे वेगळे असते. सोबत नेलेल्या प्लास्टिकच्या वस्तूंची तपासणी होते व त्या परत आणणे अपेक्षित असते. गडावर किंवा जंगलात मुक्काम करता येत नाही, म्हणून सकाळी निघून सूर्यास्तापूर्वी परतावे लागते. पावसाळ्यात ही वाट बंद असते.

चांदोली
सांगलीकडून चांदोलीला जाणारे पर्यटक शिराळा तालुक्यातील वारणावती येथून प्रवेश करतात. राष्ट्रीय उद्यानात पायी मुक्त भटकंतीस परवानगी नाही. नेमून दिलेल्या मार्गानेच जावे लागते. येथेही पावसाळ्यात पर्यटन बंद असते.

कास पठार
कास हे अभयारण्य नसून राखीव वन आहे. त्यामुळे येथे भारतीय वन अधिनियम, १९२७ लागू होतो. फुलांच्या हंगामात, म्हणजे साधारणपणे ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर या काळात, वनविभाग व परिसरातील गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या प्रवेशशुल्क घेतात आणि पर्यटकांच्या दैनंदिन संख्येवर मर्यादा ठेवतात. आगाऊ नोंदणी ऑनलाइन करता येते. फुलांचे ताटवे तुडवले जाऊ नयेत, हा या व्यवस्थेचा हेतू आहे.

परवाना न लागणारी ठिकाणे
अजिंक्यतारा, सज्जनगड व सांगली जिल्ह्यातील मच्छिंद्रगड हे किल्ले अभयारण्याबाहेर असल्याने तेथे वन्यजीव अधिनियमाखालील परवाना लागत नाही.

स्थानिकांचा प्रश्न
कोयना व चांदोली परिसरातील अनेक गावांचे धरणे आणि संरक्षित क्षेत्रे यांसाठी पुनर्वसन झाले. राष्ट्रीय उद्यान घोषित होताना तेथील जमिनीवरील हक्क शासनाकडे जातात. त्यामुळे मालमत्ताधारकाला मिळणारी सूट विस्थापितास उरत नाही. आपल्या जुन्या गावठाणातील ग्रामदैवताच्या दर्शनासही त्याला परवानगीवाचून जाता येत नाही, आणि कलम २८ मधील कारणांत देवदर्शनाचा स्वतंत्र उल्लेख नाही. वन्यजीवांसाठी निर्मनुष्य जंगल राखणे आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहिलेल्यांचे नाते जपणे यांचा मेळ कसा घालावा, हा या नियमांतील अनुत्तरित प्रश्न आहे.

प्रवाशांसाठी सूचना
शुल्क, वेळा व बंदीचा कालावधी दरवर्षी बदलू शकतो. प्रवासापूर्वी संबंधित वनपरिक्षेत्र कार्यालयाकडून खात्री करून घ्यावी आणि शासकीय ओळखपत्र सोबत ठेवावे.