जुना अमेरिकन पाईप कसा ओळखायचा? पेटंट नंबर, शिक्के आणि स्टिंगर

ऑनलाइन लिलावात जुने अमेरिकन तंबाखूचे पाईप शोधलेत तर "१९२० च्या दशकातला दुर्मिळ पाईप" असं वर्णन हमखास दिसतं. ते साल कशावरून ठरवलं, हे मात्र विक्रेता क्वचितच सांगतो. मी स्वतः पाईप ओढत नाही आणि कुणी ओढावा असंही सुचवत नाही. मला रस आहे तो या छोट्याशा वस्तूत लपलेल्या इंजिनिअरिंगमध्ये आणि तिचं वय काढण्याच्या खटपटीत.

ब्रिटिश पाईप जमवणाऱ्यांचं काम त्या मानाने सोपं. डनहिलच्या पाईपवर वर्षाचा संकेत असतो, आणि चांदीचं कडं असेल तर हॉलमार्कमधल्या अक्षरावरून साल कळतं. अमेरिकन कड्यावर बहुतेक वेळा नुसतं "स्टर्लिंग" लिहिलेलं असतं. म्हणजे चांदी खरी, पण वय शून्य. त्यामुळे इथे चार-पाच पुरावे एकत्र जुळवावे लागतात.

सगळ्यात भरवशाचा पुरावा: पेटंट नंबर

१९३० च्या दशकात अमेरिकेत धूर थंड आणि कोरडा कसा करायचा याची जणू स्पर्धाच लागली होती. त्यामुळे दांडीवर किंवा आतल्या धातूच्या भागावर पेटंट नंबर कोरलेला बऱ्याचदा सापडतो. अमेरिकन पेटंटचे नंबर क्रमाने वाढत जातात. १० लाखावं पेटंट १९११ मध्ये दिलं गेलं, २० लाखावं १९३५ मध्ये आणि ३० लाखावं १९६१ मध्ये. म्हणजे १९ लाखांच्या घरातला नंबर दिसला, की पेटंट १९३३ ते १९३५ दरम्यानचं. गूगल पेटंट्सवर "यूएस" ही इंग्रजी अक्षरं आणि त्यापुढे स्वल्पविराम न देता नंबर टाका. मूळ आकृती समोर येते. ती हातातल्या पाईपशी ताडून पाहण्यात जी मजा आहे ती वेगळीच! नंबर पुसट असेल तर ए२४एफ या वर्गात शोधा, धूम्रपानाची साधनं तिथे असतात. जुन्या कागदांचं स्कॅनिंग नीट वाचलं गेलेलं नसतं, म्हणून नुसत्या शब्दांनी शोधलं तर बरंच निसटतं.

पण थांबा. पेटंटचं साल म्हणजे पाईपचं साल नव्हे. त्यावरून एवढंच कळतं, की हा पाईप त्या सालाच्या आधीचा नाही. कंपन्या तोच नंबर पुढे वर्षानुवर्षं ठोकत राहायच्या. "पेटंट प्रलंबित" असा शिक्का असेल तर गोष्ट वेगळी. तो साधारणपणे पेटंट मिळण्याआधीचा माल. आणि "रजि. नं." असं असेल तर तो बहुधा ट्रेडमार्कच्या नोंदणीचा नंबर असतो. तो पेटंट म्हणून शोधलात तर भलतंच यंत्र समोर येईल.

केवुडीचं उदाहरण

कॉफमन ब्रदर्स अँड बाँडी ही न्यूयॉर्कची कंपनी १८५१ ची, तिने केवुडी हे नाव आणलं १९१९ मध्ये. केवुडीची नळी स्क्रूसारखी फिरवून काढा, आत धातूचा एक गोळा दिसेल. हा स्टिंगर. गरम धूर थंड धातूवर आदळला की ओलावा तिथेच धरला जावा, ही त्यामागची कल्पना. गोळ्याला चार भोकं असतील तर तो तीन भोकांच्या स्टिंगरपेक्षा जुना मानतात. आकाराचा नंबर चार आकडी असेल तर तोही दोन आकडीपेक्षा जुना. नळीवरचं क्लोव्हरच्या पानाचं चिन्ह आधी वरच्या बाजूला असायचं, १९३० च्या दशकात ते डाव्या बाजूला आलं.

हे तिन्ही पुरावे एकमेकांशी जुळले पाहिजेत. जुन्या बाऊलला नवी नळी बसवलेले पाईप बाजारात भरपूर आहेत. शिवाय साफ करायची तार आरपार जावी म्हणून कित्येकांनी स्टिंगर कापूनच टाकलेत. असा पाईप वापरायला चालेल, संग्रहात त्याची किंमत घसरते.

इंजिनिअरिंगवाल्यांनी कर्स्टन जरूर पाहावा. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात विमानविद्या शिकवणारे प्रा. फ्रेडरिक कर्स्टन यांनी अॅल्युमिनियमची दांडीच रेडिएटर म्हणून वापरली. सुरुवातीच्या पाईपमध्ये रबरी ओ-रिंग नाही, नंतरच्यांत आहे. ओळख इतकी सोपी क्वचितच मिळते.

मिझुरी मीरशॉमचे मक्याच्या कणसाचे पाईप मात्र १८६९ पासून आजपर्यंत बनताहेत, तिथे वय काढणं कठीणच.

लाकूड, नळी, डबा

"इम्पोर्टेड ब्रायर" वाचून पाईप परदेशी समजू नका. लाकूड भूमध्य समुद्राकडचं, पाईप अमेरिकेतला. दुसऱ्या महायुद्धात हे लाकूड येणं थांबलं तेव्हा कॅलिफोर्नियातल्या मँझानिटा झुडपाचे पाईप "मिशन ब्रायर" नावाने निघाले. हे नाव दिसलं की काळ जवळजवळ पक्का. नळी हिरवट-तपकिरी पडली असेल आणि चोळल्यावर गंधकाचा वास आला तर ती व्हल्कनाइटची, म्हणजे कडक रबराची. अॅक्रिलिक असं रंगत नाही.

सोबत मूळ डबा असेल तर त्यावरचा पत्ता वाचा. शहराच्या नावापुढे एक-दोन आकडी झोन नंबर असेल तर डबा बहुधा १९४३ ते १९६३ दरम्यानचा. पाच आकडी झिप कोड १९६३ मध्ये आला.

घासू नका!

पाईप हातात आला की लोक आधी तो चकचकीत करतात. बफिंगच्या चाकाखाली शिक्का मिनिटभरात उडतो, आणि तोच तर पाईपचा जन्मदाखला. आधी खोली अंधारी करून मोबाईलचा टॉर्च दांडीला जवळजवळ समांतर धरा आणि मॅक्रो मोडमध्ये फोटो घ्या. डोळ्यांना न दिसणारी अक्षरं सावलीमुळे उठून येतात.

विक्रेत्याकडे मी तीन फोटो मागतो: दांडीच्या दोन्ही बाजू असा उजेड टाकून, आणि नळी काढून आतला स्टिंगर. ते द्यायला टाळाटाळ झाली तर "१९२०" कितीही मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असो, मी बोली लावत नाही.