कवंदीची चार फुलं

सिद्दी म्हटलं की डोक्यात पहिलं काय येतं? जंजिरा. शाळेच्या पुस्तकातला, काही केल्या हाती न लागणारा पाण्यातला किल्ला. थोडं जास्त वाचलेल्यांना मलिक अंबर आठवेल. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि शेवटी अहमदनगरची निजामशाही चालवणारा (मृत्यू १६२६). पण ही झाली सरदार मंडळी. आज बोलायचंय ते दुसऱ्या सिद्दींबद्दल, आणि तेही गोधडीच्या निमित्ताने. हो, गोधडीच. हसू नका!

दांडेलीला राफ्टिंगला गेला असाल तर यांच्या वस्त्यांच्या बऱ्याच जवळ जाऊन आलात. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, अंकोला, म्हणजे उत्तर कन्नड जिल्ह्याचा रानातला भाग. इथल्या बऱ्याच सिद्दींचे पूर्वज पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेले. त्यातले काही पळाले, काही सुटले, आणि रानाच्या आसऱ्याला आले. पोर्तुगीजांनी कायद्याने गुलामगिरी बंद केली ती १८६९ साली. इथले सिद्दी हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिश्चनही आहेत. बोली कोकणी वळणाची, त्यात कानडी-मराठी मिसळलेली. कर्नाटकात यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळायला मात्र २००३ उजाडलं.

गुलामांच्या इतिहासाचा त्रास असा की कागद राहतात ते बहुतेक विकणाऱ्यांचे नि विकत घेणाऱ्यांचे. विकल्या गेलेल्यांच्या हातचं काय राहिलं? यांच्या बायकांच्या हातची एक वस्तू आजही बघायला मिळते. तिचं नाव कवंदी.

आपल्याकडच्या साध्या गोधडीत लुगड्यांचे थर एकावर एक टाकून टाके घालतात. कवंदीचं तंत्र वेगळं. खाली जुनी साडी पसरायची आणि सुरुवात करायची ती एका कोपऱ्यातून. जुन्या कपड्याचा तुकडा घ्यायचा, कडा आत दुमडायची, साडीच्या कडेवर ठेवून धावदोरा घालायचा. पुढचा तुकडा आधीच्याच्या उघड्या कडेवर चढवायचा, पण स्वतःची कडा दुमडून. म्हणजे प्रत्येकाची उसवणारी बाजू शेजाऱ्याच्या घडीखाली झाकली जाते. असं कडेकडेने फिरत, आत आत येत, शेवटी मध्यावर पोचायचं. मशीन नाही, चौकट नाही, कागदावर आकृती नाही. (आमच्या भाषेत सांगायचं तर डिझाईन डॉक्युमेंट नाही, फक्त एक छोटा नियम, आणि तरी सगळं जुळतं!)

गेले काही वीकेंड मी हे उशीच्या अभ्र्याएवढ्या तुकड्यावर शिकतोय. एक गोष्ट बोटांना लगेच कळते. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड नखाने दाबलं की घडी धरतं, नवा पॉलिएस्टरचा शर्ट मात्र लगेच उसळून उलगडतो. जुनेर वापरण्यामागे गरिबी आहेच, पण कापडाची समजही आहे.

आता फुलं. कवंदीच्या कोपऱ्यांना कापडाच्या दुमडलेल्या त्रिकोणी घड्या लावतात, कधी एकावर एक. त्यांना ‘फुला’ म्हणतात. ऊब शून्य. अंगाखाली आली तर टोचतच असतील. बाकी सगळ्या कवंदीचं कारण गरजेत सापडतं, या फुलांचं सापडत नाही. पण फुलांशिवाय कवंदी नागडी दिसते, असं या बायका म्हणतात. जिथे चिंधी चिंधी जपायची, तिथे चार कोपरे नुसते शोभेसाठी!

हेन्री ड्रूअल या अमेरिकन कला-इतिहासकाराने या कवंद्यांचा अभ्यास केला, बायकांची सहकारी संस्था उभी राहायला मदत केली, आणि २०११ साली न्यूयॉर्कमध्ये हार्लेमच्या शोम्बर्ग सेंटरमध्ये त्यांचं प्रदर्शन भरलं. तिथल्या आफ्रिकन-अमेरिकन गोधड्यांशी रंगांचं, ठेवणीचं साम्य दिसतं खरं, आणि मग ‘रक्तातून आलेली आफ्रिका’ वगैरे म्हणायचा मोह होतो. मला तो पटत नाही. जुन्या कापडाच्या गोधड्या अख्ख्या दख्खनभर आहेत, कर्नाटकात त्यांना कौदी म्हणतात. शेजारणीकडून शिकलेली कला असली म्हणून ती कमी यांची होते का? पिढ्यान्‌पिढ्या टाके यांनीच घातलेत ना!

असो. माझ्या तुकड्याची दोन फुलं लावून झालीत. तिसऱ्यासाठी आईच्या जुन्या इरकलीचा लाल काठ मागितलाय, बघू देते का.