खर्चाच्या वहीबाहेर

साल १९६०. तुम्ही बारामतीच्या बाजारपेठेत उभे आहात आणि जीपवर बांधलेला कर्णा तुमच्या कानाशी ओरडतो आहे. केशवराव जेधे गेले, म्हणून लोकसभेची पोटनिवडणूक लागली आहे. काँग्रेसनं केशवरावांचे चिरंजीव गुलाबराव जेधे यांना उभं केलंय. समोर आहेत शेतकरी कामगार पक्षाचे वकील वसंतराव पवार, इथल्याच काटेवाडीचे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीनं सगळा मुलूख तापलेला आहे आणि वारं काँग्रेसच्या विरोधात आहे.

गर्दीत एका १९ वर्षांच्या मुलाकडे तुमचं लक्ष जातं. तो काँग्रेसची पत्रकं वाटतोय. शेजारचा माणूस तुमच्या कानात सांगतो, "अहो, तो शरद. वसंतरावांचा सख्खा धाकटा भाऊ." आई शारदाबाई १९३८ सालीच पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून गेलेल्या, विचारानं शेकापच्या. तरी मुलाला पटेल त्या पक्षाचं काम करायला त्यांनी अडवलेलं नाही. मताचा अधिकार तेव्हा २१ व्या वर्षी मिळतो, म्हणजे हा मुलगा भावाला मत देऊही शकत नाही आणि नाकारूही शकत नाही. निकाल गुलाबरावांच्या बाजूनं लागतो. घर फुटत नाही. ही गोष्ट तुम्ही लक्षात ठेवा, पुढच्या मुक्कामी लागेल.

तुम्हाला एक सवय आहे: कुठलाही मंडप दिसला की तुम्ही विचारता, याचे पैसे कोणी दिले? १९६० मध्ये हा प्रश्न विचारलात तर लोक चमकून बघतात. जीप कुणा बागायतदाराची, डिझेल त्याचंच. कार्यकर्ते जेवतात ते ज्या गावी रात्र होईल त्या गावच्या पाटलाच्या ओट्यावर. भिंतीवर लिहायला गेरू आणि चुना. उमेदवारानं किती खर्च करावा याची मर्यादा १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानं तेव्हाही घातलेली आहे. पण पाटलाच्या ओट्यावरची भाकरी कुठल्या वहीत लिहायची, हे कायद्यानं सांगितलेलं नाही. तो प्रश्न तिथंच सोडून तुम्ही पुढं निघता.

फेब्रुवारी १९६७. तोच मुलगा आता २६ वर्षांचा आहे आणि बारामतीतून विधानसभेला उभा आहे. तालुक्यातल्या काँग्रेसच्या जुन्या मंडळींना हे मान्य नाही. पोरसवदा माणसाला तिकीट कशाला, असं ते उघड म्हणतात. पण यशवंतराव चव्हाणांनी शब्द टाकला आहे. समोर काकडे घराण्यातला तगडा उमेदवार. तिकीट मतदारांनी ठरवलेलं नाही, ते वरून आलं आहे. तरी गावोगावची तरुण पोरं ते आपलंच समजून रानोमाळ फिरतात.

तुम्ही जिरायती पट्ट्यातल्या एका गावच्या कोपरा सभेला जाता. गॅसबत्तीच्या उजेडात माणसं मांडी घालून बसली आहेत. सभा संपल्यावर कागदावर भेळभत्ता येतो. भाषणात देशाचं राजकारण दोन मिनिटांत आटोपतं, मग पाणी. निरा डावा कालवा इंग्रजांच्या काळापासून वाहतो आहे. त्याच्या काठाला ऊस उभा आहे आणि पलीकडच्या माळावर पाऊस आला तर बाजरी. या एका कालव्यानं तालुक्याचे दोन भाग केले आहेत. गॅसबत्तीभोवती बसलेल्यांपैकी कुणीही उमेदवाराकडे पैसे मागत नाही. पाझर तलाव मागतात, बंधारा मागतात, कारखान्याचा सभासद करून घ्या म्हणतात. बारामती–इंदापूरच्या निवडणुकीचं खरं चलन तुम्हाला इथं पहिल्यांदा हातात घेऊन बघता येतं.

मतदानाच्या दिवशी तुमच्या हाती दोन मतपत्रिका येतात, एक लोकसभेची, एक विधानसभेची, कारण दोन्ही निवडणुका एकदमच आहेत. काँग्रेसच्या बैलजोडीवर शिक्का मारायचा की दुसरीकडे, ते तुमचं तुम्ही ठरवा. विधानसभेच्या उमेदवाराची अनामत २५० रुपये आहे. एकूण वैध मतांचा सहावा हिस्सा मिळाला नाही तर ती जप्त. शरद पवार निवडून येतात आणि अकरा वर्षांनी, जुलै १९७८ मध्ये, राज्याचे मुख्यमंत्री होतात.

मधली वर्षं भरभर मागं टाका. पण १९७४ पाशी क्षणभर थांबा, कारण तिथं दिल्लीत एक दार उघडतं आणि लगेच बंद होतं. सर्वोच्च न्यायालय म्हणतं, पक्षानं उमेदवारासाठी केलेला खर्च उमेदवाराच्या खर्चातच धरा. काही दिवसांत वटहुकूम निघतो: धरू नका. त्या वटहुकमानं जे भगदाड पडलं, ते थोडंफार लहान झालं, बुजलं कधीच नाही. आजही उमेदवाराला मर्यादा आहे, पक्षाला नाही. माझ्या मते आपल्या निवडणुकीच्या पैशाबद्दल बाकी काही कळलं नाही तरी चालेल, एवढं प्रत्येक मतदाराला कळायला हवं.

१९९५, इंदापूर. भिंती कोऱ्या आहेत. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त आहेत आणि परवानगीवाचून भिंत रंगवायला गाव घाबरतं. रात्री ठरल्या वेळी कर्णे गप्प होतात. इथलं मोठं नाव शंकरराव बाजीराव पाटील, सगळ्यांचे भाऊ. १९८० आणि १९८९ मध्ये ते काँग्रेसतर्फे बारामतीचे खासदार झाले. त्यांचे पुतणे हर्षवर्धन पाटील यंदा अपक्ष आहेत. पक्ष नाही, पक्षाची यंत्रणा नाही, तरी मतपेट्या उघडतात तेव्हा ते आमदार झालेले असतात. त्या वर्षी राज्यात ४५ अपक्ष निवडून येतात आणि त्यांच्या टेकूवर शिवसेना-भाजप युतीचं सरकार उभं राहतं. साखर कारखाना, शिक्षण संस्था, जिल्हा बँक, दूध संघ ही यंत्रणा ज्याच्याकडे आहे त्याचा प्रचार फॉर्म भरायच्या आधी कित्येक वर्षं सुरू असतो. खर्चाची वही मात्र अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंतच लिहायची.

आता शेवटचा आणि मोठा मुक्काम. एप्रिल २०२४. उजनीचं पाणी उणे पातळीत गेलंय आणि पळसदेवचं जुनं देऊळ धरणातून वर आलंय. तुम्ही इंदापुरात आहात, खर्च तपासणी पथकातले एक कारकून. हातात सावली नोंदवही. उमेदवार आपली वही लिहितो, तुम्ही तुमची लिहायची, आणि दोन्ही एकमेकींशी ताडून बघायच्या. जिल्ह्यानं दरपत्रक ठरवून दिलंय: चहा, वडापाव, खुर्ची, मंडपाचा चौरस फूट, टोपी, उपरणं, हलगीवाला. तुमच्याबरोबरचा व्हिडिओवाला सभा टिपतो. रात्री तुम्ही पडद्यावर खुर्च्या मोजता, दरानं गुणता. लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाखांची मर्यादा आहे. त्याचं बँक खातं वेगळं, आणि रोखीचे व्यवहार अगदी थोडक्या रकमेपुरते.

काम तुम्ही मन लावून करता. करायलाच हवं, ती वही नसती तर जे दिसतं तेही दिसलं नसतं. एका संध्याकाळी तुम्ही डॉक्टर-वकिलांच्या मेळाव्याला हजर असता. उपमुख्यमंत्री अजित पवार बोलत आहेत. ते अर्थमंत्री आहेत, पुण्याचे पालकमंत्रीही. निधी हवा तेवढा देऊ, पण यंत्राची बटणंही कचाकचा दाबा, नाहीतर हात आखडता घ्यावा लागेल, अशा आशयाचं ते बोलतात. सभागृहात हशा होतो. तुम्ही खुर्च्या मोजता, चहा मोजता. निधी कुठल्या रकान्यात लिहायचा? नोंदवहीला तसा रकानाच नाही. पुढं तक्रार होते, चौकशी होते, आणि त्यात आचारसंहितेचा भंग आढळला नाही असा निर्णय येतो. कालव्याच्या शेपटाला असलेल्या गावांनी ते वाक्य कसं ऐकलं असेल, हा विचार मात्र तुमचा पिच्छा सोडत नाही. इंदापूरच्या शेतकऱ्याला आवर्तन वेळेवर मिळणं म्हणजे उभं पीक वाचणं.

त्याच रात्री न्यू जर्सीहून भाच्याचा फोन येतो.

"मामा, तुमच्याकडे तिकीट कोण देतं रे? आमच्याकडे आधी प्रायमरी होते. पक्षाचा उमेदवार कोण, ते लोकच मत देऊन ठरवतात."

"आमच्याकडे नेते ठरवतात. यंदा घरातच ठरलंय. नणंद एकीकडे, भावजय दुसरीकडे."

"मी या वेळी देणगी दिली. एका निवडणुकीला एका उमेदवाराला ३,३०० डॉलरपर्यंतच देता येते."

"आणि उमेदवारानं खर्च किती करायचा?"

"कितीही. १९७६ मध्ये कोर्टानं ती मर्यादाच काढून टाकली. आणि २०१० पासून सुपर पॅक आहेत. उमेदवाराशी संगनमत नको, एवढं पाळलं की ते हवे तितके पैसे गोळा करतात, हवे तितके उडवतात."

फोन ठेवल्यावर तुम्ही अंगणात येरझाऱ्या घालता. त्यांच्याकडे देणाऱ्याच्या हाताला माप आहे, खर्चणाऱ्याच्या नाही. आपल्याकडे खर्चणाऱ्या उमेदवाराला माप आहे, त्याच्या मागं उभ्या असलेल्या पक्षाला नाही, आणि पक्षाला कोण देतो हे निवडणूक रोख्यांच्या काळात सहा वर्षं झाकलेलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं ते रोखे १५ फेब्रुवारी २०२४ ला घटनाबाह्य ठरवले, म्हणजे या प्रचाराचा नारळ फुटायच्या दोन महिने आधी. दोन्ही देशांत गळती आहे, फक्त पत्रा वेगवेगळ्या जागी फुटलाय.

एक कागद मात्र तुम्हाला मनापासून आवडतो. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांमुळं २००३ पासून प्रत्येक उमेदवाराला मालमत्ता, कर्ज, गुन्हे यांचं शपथपत्र द्यावं लागतं. १८ एप्रिलला शरद पवारांच्या कन्या सुप्रिया सुळे आणि अजित पवारांच्या पत्नी सुनेत्रा पवार, दोघींनी अर्ज भरले. सुप्रियाताईंच्या शपथपत्रात कर्जाच्या रकान्यात ५५ लाख रुपये आहेत: ३५ लाख वहिनींचे, म्हणजे समोरच्याच उमेदवाराचे, आणि २० लाख भाचा पार्थ यांचे. १९६० मधलं ते घर तुम्हाला आठवतं. तेव्हाही घरात दोन पक्ष होते. पण आता पक्ष एकच होता, राष्ट्रवादी काँग्रेस, तो २०२३ मध्ये दुभंगला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये निवडणूक आयोगानं घड्याळ हे चिन्ह पुतण्याला, अजित पवारांना, आणि तुतारी वाजवणारा माणूस काकांना, शरद पवारांना दिला. कुठल्याही राजकीय विश्लेषणापेक्षा त्या एका रकान्यानं मला त्या घराबद्दल जास्त सांगितलं.

७ मे. मतदान केंद्रात यंत्राला तीन मतदान युनिट जोडली आहेत, कारण उमेदवार ३८. एका अपक्षाचं चिन्ह ट्रम्पेट आहे, आणि यादीत त्याचंही मराठी नाव तुतारीच. एक म्हातारी बाई बाहेर येऊन विचारते, "बाळा, तुतारी दोनदा कशी रं?" तुम्ही सरकारी नोकर, तुम्हाला उत्तर देता येत नाही. त्या अपक्षाला १४ हजारांवर मतं पडतात. बारामतीत निकाल त्यामुळं बदलला नाही. साताऱ्यात मात्र अशाच चिन्हाला मिळालेली मतं पराभवाच्या फरकाहून जास्त भरली.

४ जून. इंदापूरचे आमदार दत्तात्रय भरणे आणि त्यांचे जुने प्रतिस्पर्धी हर्षवर्धन पाटील, दोघंही यंदा घड्याळाच्या बाजूला होते. कारखाने, बँक, संस्था, निधी, सगळं एका पारड्यात. तरी इंदापुरातून आघाडी सुप्रिया सुळे यांना. बारामती विधानसभा क्षेत्रातून ४७ हजारांहून अधिक. एकूण १,५८,३३३ मतांनी त्या जिंकतात. निधीच्या इशाऱ्यानं माणसं हलली नाहीत, हे तुम्ही आपल्या डोळ्यांनी बघितलं आहे, आणि ते बघताना तुम्हाला या मातीबद्दल अभिमान वाटला तर तो लपवू नका.

पण तिथंच थांबून चालणार नाही, कारण गोष्ट तिथं थांबली नाही. ऑगस्टपासून लाडकी बहीण योजनेतून बायकांच्या खात्यात महिन्याला १,५०० रुपयांप्रमाणे पैसे येऊ लागतात. अजित पवार गुलाबी जाकिटात फिरू लागतात. रंगाची निवड व्यावसायिक प्रचार सल्लागारांची. हर्षवर्धन पाटील ऑक्टोबरमध्ये तुतारीकडे येतात. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान, बारामतीत अजित पवारांसमोर त्यांचे पुतणे युगेंद्र. त्याच बारामतीतून, ज्या मतदारांनी सहा महिन्यांपूर्वी सुनेत्रा पवारांना ४७ हजारांनी मागं टाकलं होतं त्यांनीच अजित पवारांना १,००,८९९ मतांनी निवडून दिलं. इंदापुरात भरणे तिसऱ्यांदा आमदार झाले.

हे पैशानं विकत घेतलेलं मत, असं म्हणणाऱ्याशी मी भांडेन. दिल्लीला ताई आणि मुंबईला दादा, हा हिशेब इथल्या बायाबापड्यांनी पारावर बसून मांडला होता आणि तो मोकळेपणानं सांगतही होत्या. दीड हजार रुपये हातात आल्यावर पहिल्यांदा स्वतःच्या नावाचं बँक पासबुक बघितलेल्या बाईला लाचखोर म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही. पण सत्तेत असणाऱ्याला तिजोरीतून प्रचाराआधी देता येतं आणि विरोधकाला फक्त आश्वासन देता येतं, ही तफावत ९५ लाखांच्या किंवा विधानसभेच्या ४० लाखांच्या कुठल्याच मर्यादेत मावत नाही.

निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्यायचा असतो, नाहीतर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. डिसेंबरात तुमच्या टेबलावर वह्या येऊ लागतात. तुम्ही चष्मा लावता आणि पहिल्या पानावरच्या खुर्च्या मोजायला घेता.