ग्रहणी व्रणावरील औषधोपचार

ग्रहणी व्रण (ड्युओडेनल अल्सर) म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या, अर्थात ग्रहणीच्या, अस्तराला पडणारी जखम होय. बोलण्यात तिची गणना सरसकट ‘अ‍ॅसिडिटी’त केली जाते, परंतु या व्रणातून रक्तस्राव होऊ शकतो, तसेच आतड्याला आरपार छिद्रही पडू शकते. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूचा संसर्ग आणि अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन यांसारखी वेदनाशामके ही त्याची प्रमुख कारणे आहेत.

आम्ल कमी करणारी औषधे

विसाव्या शतकात दीर्घकाळ दूध, मऊ आहार व आम्लनाशके यांवरच भर होता. (दुधाने जळजळ तात्पुरती शमते, मात्र नंतर आम्लस्रावास चालनाच मिळते.) जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून सिद्ध झालेले सिमेटिडीन १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये विक्रीस आले. हे औषध जठरातील हिस्टामिनची क्रिया रोखते. त्याच गटातील रॅनिटिडीन अधिक प्रभावी ठरले आणि इतर औषधांच्या चयापचयात सिमेटिडीनप्रमाणे अडथळा आणत नसल्याने लोकप्रिय झाले. परंतु त्यात एनडीएमए हे संभाव्य कर्कजनक द्रव्य आढळल्याने २०२० मध्ये अमेरिकेत ते बाजारातून काढून घेण्यात आले. फॅमोटिडीन आजही वापरात आहे.

ओमेप्राझोल, पँटोप्राझोल इत्यादी औषधे आम्ल स्रवणारा प्रोटॉन पंपच बंद करतात. त्यामुळे बहुतेक व्रण चार आठवड्यांत भरून येतात. हिस्टामिनरोधकांना यासाठी सहसा अधिक काळ लागतो. ही औषधे जेवणापूर्वी सुमारे अर्धा तास घेणे इष्ट असते. सुक्रालफेट आम्ल कमी न करता व्रणावर संरक्षक थर निर्माण करते, मात्र ते दिवसातून अनेकदा घ्यावे लागते.

जिवाणूचे निर्मूलन

व्रण किती लवकर भरतो, एवढ्यावरच तुलना केल्यास ती अपुरी ठरते. केवळ आम्ल कमी केलेल्या संसर्गग्रस्त रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जणांत औषध थांबवल्यावर वर्षभरात व्रण पुन्हा उद्भवत असे. त्यामुळे अनेकांना वर्षानुवर्षे गोळ्या घ्याव्या लागत, तर काहींवर शस्त्रक्रिया होई. पर्थ येथील रॉबिन वॉरेन व बॅरी मार्शल यांनी १९८०च्या दशकात या जिवाणूचा संबंध दाखवून दिला. त्यासाठी त्यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जिवाणूचे निर्मूलन झाल्यास व्रण क्वचितच उलटतो.

प्रोटॉन पंपरोधक, क्लॅरिथ्रोमायसिन व अ‍ॅमॉक्सिसिलिन हा त्रिऔषधी उपचार प्रचलित आहे. क्लॅरिथ्रोमायसिनला दाद न देणारे जिवाणू वाढल्याने बिस्मथ, टेट्रासायक्लिन, मेट्रोनिडाझोल व पंपरोधक असा चतुरौषधी उपचार अनेक ठिकाणी श्रेयस्कर मानला जातो. तो साधारणतः चौदा दिवस चालतो. गोळ्यांची संख्या मोठी असल्याने तो अर्धवट सोडण्याकडे कल असतो. उपचार संपल्यानंतर किमान चार आठवड्यांनी श्वास किंवा मल तपासून निर्मूलनाची खात्री केली जाते. चाचणीपूर्वी दोन आठवडे पंपरोधक बंद ठेवावे लागतात, अन्यथा संसर्ग असूनही तो दिसून येत नाही.